आईच्या मांडीतून लेकीच्या गुडघ्यात

मी एक कंडरा बोलतेय. हे नाव ऐकून तुमचा चेहरा कोरा पडला असेल, त्याची मला सवय आहे. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा. लोक आम्हाला सरसकट शीर म्हणून मोकळे होतात. शीर आखडली, शीर चढली, शिरेवर शीर बसली. रक्ताची नळी वेगळी आणि आम्ही वेगळ्या, हे किती वेळा सांगायचं? असो. खुर्चीत बसून गुडघा वाकवा, टाच मागे दाबा आणि गुडघ्यामागे आतल्या अंगाला बोट लावून पाहा. ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी हाताला लागेल. ती माझी भावंडं समजा.

माझा जन्म एका बाईच्या उजव्या पायातला. आज माझा मुक्काम तिच्या मुलीच्या डाव्या गुडघ्यात आहे. एका घरातल्या घरात बदली झाली म्हणा ना. पण बदली होणाऱ्या माणसाला निदान हुकूम तरी दाखवतात. मला तोही कुणी दाखवला नाही.

बाईंच्या पायात मी अडतीस वर्षं काढली. काम सरळ होतं, गुडघा वाकवायचा. लहानपणी त्या सायकल चालवायच्या, कुंपणावरून उड्या मारायच्या, मी मुकाट्याने वाकवत राहायची. मग लग्न होऊन त्या दोरांच्या दुकानात आल्या. लांबट, उंच छताचं दुकान. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर दोरांची वेटोळी. काथ्याची, सुताची, नायलॉनची, बोटाएवढी, मनगटाएवढी. नेमकं गिऱ्हाइकाला हवं असायचं ते सर्वांत वरच्या फळीवर. शिडीवर चढायचं कुणी? मालकांना तिसऱ्या पायरीवर घेरी येते. म्हणजे बाईंनी. म्हणजे मी.

मालक म्हणजे बाईंचे यजमान. माणूस लाख चांगला, पण हाताला खोड अशी की समोर दिसेल ते ओढून बघायचं. धंद्यात ते ठीकच आहे. दोराचं एक टोक खांबाच्या कडीत अडकवायचं, दुसरं मुठीला गुंडाळायचं आणि अंगाचा सगळा भार टाकून मागे झुकायचं. गिऱ्हाईक खूश. पण हा गृहस्थ बुटाच्या नाड्या ओढतो, पिशव्यांचे बंद ओढतो, पाव्हण्यांकडे गेला की त्यांच्या खिडकीचा पडदा ओढतो. बाईंच्या थोरल्या बहिणीकडे एकदा दांडीसकट पडदा खाली आला आणि हे म्हणाले, "बरं झालं आत्ताच कळलं." त्या घरी पुढे दोन वर्षं कुणी आम्हाला बोलावलं नाही.

यांची एकुलती एक मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती सरळ चालताना कुणी पाहिलेली नाही. फुटबॉल हे तिचं वेड. शाळेच्या संघात तिच्याहून लहान कुणी नव्हतं आणि तिच्याइतकं चपळही कुणी नव्हतं. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याच्या संघासाठी निवड व्हायची होती. उठता बसता तिच्या तोंडी तेवढंच.

त्या दिवशी मैदानावर तिला कुणी पाडलं नाही, कुणी ढकललं नाही. ती पळत आली, डावा पाय रोवला आणि अंग वळवलं. अंग वळलं, पाय तिथेच राहिला. टक्कन आवाज झाला म्हणे, बोटं मोडल्यासारखा. मैत्रिणीने तिला धरून घरी आणलं.

मालकांनी पट्टी बांधली. आता बांधायच्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. अशी बांधली की तिच्यावर नाव किनाऱ्याला लावावी. मुरगळलंय, आठवड्यात बरं होईल, असा निर्वाळा दिला. सूज उतरली तेव्हा त्यांनीच विजयी मुद्रेने पट्टी सोडली आणि तिसऱ्या दिवशी भिंगरी दुकानाच्या पायरीवर गुडघा लचकून बसली. मग शाळेच्या जिन्यात. मग न्हाणीघरात. तीन आठवडे असे गेल्यावर बाईंनी पट्टी कपाटात टाकली आणि मुलीला घेऊन हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी फोटो काढवले आणि प्लास्टिकचा गुडघा हातात धरून समजावलं. गुडघ्याच्या पोटात मधोमध एक बंध असतो. नडगीचं हाड पुढे घसरू नये म्हणून तो अडवून धरतो. तो तुटलाय आणि हा बंध आपणहून जुळत नाही. तसाच ठेवला तर गुडघा दर वेळी घसरणार, दर वेळी हाडांमधल्या गाद्या चेपणार, फाटणार, आणि पंचविशीत या मुलीचा गुडघा साठीचा होणार. म्हणजे तिथे नवा बंध बसवायला हवा. मोठ्या माणसाच्या पायातली कंडरा काढून त्याच्याच गुडघ्यात बसवतात. पण हिचं वय लहान. हाडाच्या टोकाशी वाढीची कोवळी पट्टी असते, तिला धक्का लागला तर पाय वाकडा किंवा आखूड होतो, त्यामुळे भोक पाडायचं ते जपून, वाट काढत. शिवाय हिच्या स्वतःच्या कंडरा बुटाच्या नाडीएवढ्या. त्या काढून हिलाच आणखी दुबळं कशाला करायचं? आईबापांपैकी कुणाची चालेल.

मालक तडक म्हणाले, माझी घ्या. बाई म्हणाल्या, माझी. त्यावर दोघांची तिथेच जुंपली. मालकांचं म्हणणं, दुकानातला वरचा माल काढणार कोण? बाईंचं म्हणणं, इतकी वर्षं शिडी चढून जी तयार झालीय तीच मुलीला लावायची, गल्ल्यामागे बसून मऊ पडलेली नको. डॉक्टरीणबाईंनी दोघांचे पाय तपासले आणि बाईंच्या बाजूने निकाल दिला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत असतं तर मऊ पडल्याचं सोंग केलं असतं.

एकाच सकाळी शेजारशेजारच्या दोन खोल्यांत मायलेकींना झोपवलं. बाईंच्या नडगीच्या वरच्या टोकाशी दोन बोटं चीर, आणि एक कडी माझ्या अंगावरून सरकत मांडीत वरपर्यंत गेली. अडतीस वर्षांचं बस्तान दोन मिनिटांत उठलं. माझ्यासोबत शेजारची एक बारकी कंडराही काढली. आम्हा दोघींना एका पाटावर ताणलं, चिकटलेलं मांस खरवडलं, दुमडून चार पदर केले, टोकं धाग्याने शिवली आणि जाडी मोजली. मग मुलीच्या गुडघ्यात ओढून घेतलं, वरून हाडाला अडकवायला एक बटण, खालून एक स्क्रू. डॉक्टरीणबाईंचा हात इतका हलका की तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती कामाची. जन्मभर मी वाकवलं, आता मला अडवायला उभं केलं. स्वयंपाक्याला दारावर पहारा द्यायला लावावं तसं.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी आपल्या पायाबद्दल चकार शब्द काढला नाही. "नीट बसली का तिला?" एवढंच विचारलं.

पहिला दीड महिना कसा गेला म्हणून सांगू! मायलेकी समोरासमोरच्या खाटांवर. भिंगरीच्या पायाला वरपासून खालपर्यंत पट्ट्यांचा बिजागरीवाला आधार, काखेत कुबड्या. तिने पाय हलवला की मालक धावत येत आणि बाई खाटेवरून उठू बघत. त्या दिवसांत मी चांगली तगडी होते, बाईंच्या पायातून निघाले तशीच. बिचारे उगाच जपत होते.

आणि खरं जपायची वेळ आली तेव्हा? तेव्हा सगळे निर्धास्त.

हे नीट ऐका, कारण इथेच सगळं घोडं पेंड खातं. मी जिवंत वस्तू आहे. नव्या जागी आल्यावर माझ्यातल्या जुन्या पेशी मरत जातात. मग मुलीच्या पेशी माझ्यात शिरतात, मुलीच्या रक्ताच्या बारीक वाटा फुटतात, आणि जुने धागे विरघळवून नवे विणले जातात. घराच्या भिंती पाडून त्याच जागी नव्या उभ्या करायच्या आणि तोवर छप्पर मात्र पडू द्यायचं नाही, असं ते काम. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी सर्वांत कच्ची असते. आणि नेमकी तेव्हाच सूज गेलेली, दुखणं थांबलेलं, कुबड्या कोपऱ्यात पडलेल्या. मुलीला वाटतं, झालं, बरी झाले. माझा आतून नुसता सांगाडा झालाय आणि बाहेर आनंदीआनंद!

डॉक्टरीणबाईंनी हे बजावून सांगितलं होतं. बरं वाटेल तेव्हाच जपा, पळणं नाही, वळणं नाही, वर्षभर खेळ नाही. मालकांनी मान डोलावली. दोराबद्दल दोराच्या दुकानदाराला शिकवणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ते डोलावतात तशी. डॉक्टर हाडाच्या असतील, दोर ओळखायचा आपण, असा त्यांचा हिशोब. आणि दोराच्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. नवा दोर पहिल्या दिवशी सर्वांत मजबूत. वापराल तसा तो झिजणार. म्हणजे मुलीच्या गुडघ्यातला दोर आत्ताच जोमात आहे, वर्षभर बसवून ठेवणं म्हणजे माल गोदामात कुजवणं. हे सगळं ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगत आणि गिऱ्हाइकंही माना डोलावत. मी आतून ओरडून ओरडून दमले. पण कंडरेला आवाज कुठला?

दहाव्या आठवड्यात एका दुपारी, बाई त्यांच्या स्वतःच्या पायाच्या व्यायामाला गेलेल्या असताना, मालकांनी भिंगरीला दुकानाच्या ओट्यावर बसवलं. तिची नडगी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. हळूच ओढली, बापाचाच हात तो, पण ओढली. मी जीव मुठीत धरून टिकले. मालक म्हणाले, "पक्कं आहे." भिंगरीचे डोळे चमकले. जिल्ह्याची निवड पुढच्या शनिवारी होती.

शनिवारी बाईंना सांगितलं, बूट घ्यायला चाललोय. मैदानावर खेळाच्या सरांनी शंका काढली, डॉक्टरांची परवानगी आहे ना? मालक म्हणाले, घरचाच माल आहे सर, मी स्वतः तपासलाय. सरांना काही उमगलं नाही, पण बाप सांगतोय म्हटल्यावर त्यांनी शिट्टी फुंकली.

भिंगरी सरळ धावली तोवर मी सांभाळून घेतलं. पहिला चेंडू तिने छान दिला. दुसऱ्याला समोरून एक उंच मुलगी आली. भिंगरीने डावा पाय रोवला आणि वळली.

माझे धागे सरकले. तुटले नाहीत, सरकले. ओला कागद ताणल्यावर लांबतो तसे. भिंगरी पडली नाही की किंचाळली नाही. थांबली, गुडघ्याकडे पाहिलं, आणि लंगडत मैदानाबाहेर जाऊन बसली. निवड तिच्याशिवाय झाली.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. बाईंनी विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबांनी ओढून बघितलं होतं. पक्कं होतं." बाईंनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे पाहिलं, जिथे त्यांना घेरी येते.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंसमोर. त्यांनी मुलीला उताणं झोपवलं, नडगी धरून बेताने पुढे ओढली, मग दुसऱ्या पायाची ओढून पाहिली, पुन्हा इकडे. माझा निकाल होता आणि मलाही ठाऊक नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, सैल झालीय, पण तुटलेली नाही. नडगी ओढली की शेवटाला अजून अडते आहे. पुन्हा असं झालं तर मात्र सगळं काढून नव्याने करावं लागेल, आणि आईच्या एका पायातलं तर वापरून झालंय.

मालक म्हणाले, "पण डॉक्टर, नवा दोर पहिल्या दिवशी सर्वांत मजबूत असतो."

डॉक्टरीणबाईंना या वाक्याचं काय करावं कळेना. त्यांनी फोटो पुढे ठेवले, पेशी, रक्तपुरवठा असं काहीबाही सुरू केलं. मालकांनी पुन्हा मान डोलावली. ते पाहून बाईंचा संयम सुटला.

"अहो, हा नवा दोर नाही. हा सांधा आहे. दोन दोरांचे पीळ उकलून एकात एक ओवतो ना आपण, तसा सांधा. ताजा सांधा कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलाय तुम्ही?"

"छे."

"का नाही?"

"पीळ बसायचा असतो. आधी हलकं वजन टांगायचं, मग थोडं वाढवायचं. बसायच्या आधी हिसका दिला तर सरकतो..." मालक बोलता बोलता थांबले. मग त्यांनी भिंगरीच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि हात हळूच मागे घेऊन पाठीशी बांधले.

बाई म्हणाल्या, "दोन महिने मी पुन्हा जिना चढायला शिकतेय. ते तुम्ही ओढून बघावं म्हणून नाही."

डॉक्टरीणबाईंनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं, पुढच्या पेशंटला त्या सांध्याचीच गोष्ट सांगणार.

आता तरी मला सुख लागलं असेल असं तुम्हाला वाटेल. कुठलं! पूर्वी हा गृहस्थ ओढायचा, आता गुंडाळून ठेवायला निघाला. भिंगरीचं दप्तर तो उचलणार. भिंगरी जिना उतरताना तो पुढे उलटा उतरणार, हात पसरून. दवाखान्यात पायाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी अर्ध्या बैठका सांगितल्या तर म्हणे, दहाऐवजी चार करूया का? ताईंच्या नाकी नऊ आले. अहो, सांध्याला हलकं का होईना, वजन लागतं. नुसता खुंटीला टांगलेला दोर कसा होतो हे यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण नाही. शेवटी ताईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

आणि भिंगरी? ती तर डावा पाय टेकवायलाच धजेना. सरळ चालायला लागली. अकरा वर्षांत जे कुणाला जमलं नव्हतं ते त्या एका शनिवारने केलं, तिला सरळ चालायला लावलं. कुठेही वळायचं असलं की थांबायची, छोटी छोटी पावलं टाकून उजव्या पायावर वळायची, एखादं कपाट फिरवावं तशी. मी आत महिन्यामहिन्याने घट्ट होत होते, नवे धागे, नवा पीळ, आणि तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. याचा संताप कुणापुढे मांडू?

तिला बोलतं केलं ते बाईंनी. दोघी रोज सकाळी अंगणात व्यायाम करायच्या, आईचा उजवा पाय, लेकीचा डावा. एक दिवस भिंगरीने विचारलं, "तुझा पाय कधी तुला फसवतो का गं?"

"शिडीच्या शेवटच्या पायरीवर," बाई म्हणाल्या. "तिथे अजून जरा थरथरतो. मग मी त्याला शिव्या देते आणि चढते."

"कसल्या शिव्या?"

बाईंनी कानात सांगितल्या. भिंगरी पोट धरून हसली. त्या शिव्या मला पाठ आहेत, अडतीस वर्षं ऐकल्यात, पण इथे सांगण्यासारख्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी डाव्या पायावर वळताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायला लागली. कुणाला उद्देशून ते मी ओळखलं. मान राखायची ही पद्धत नव्हे, पण वळत तर होती.

जाता जाता आणखी एक. बाईंच्या मांडीत माझी जी जागा रिकामी झाली, तिथे म्हणे माझ्यासारखीच एक दोरी पुन्हा वाढू लागलीय. डॉक्टरीणबाईंनीच तपासून सांगितलं, पुष्कळांची वाढते म्हणून. मी इतकी वर्षं राबले आणि माझी आठवण काढत बसण्याऐवजी त्या पायाने दुसरीला ठेवून घेतली. चालायचंच.

आज चौदा महिने झाले. माझ्यात आता बाईंची एकही पेशी उरलेली नसेल. सगळी मुलीचीच. मी कंडराही राहिले नाही, अडवणारा बंध होऊन बसलेय. सकाळी डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला एका पायावर उड्या मारायला लावल्या, दोन्ही पायांच्या उड्या फुटपट्टीने मोजल्या आणि म्हणाल्या, जा, खेळ. दुपारी ती मैदानात होती. जिल्ह्याच्या संघात नाही, शाळेच्या सरावात, राखीव मुलींबरोबर. कडेला बाई उभ्या होत्या. मालक त्यांच्या मागे उभे, पाठीशी हातात हात घट्ट अडकवून, सुटले तर काय ओढतील कोण जाणे.

चेंडू आला. समोरून एक मुलगी धावून आली. भिंगरीने डावा पाय रोवला आणि गर्रकन वळली.

मी धरलं.

चेंडू मात्र निसटला. भिंगरी मैत्रिणीवर तणतणत कडेला आली, आधी द्यायचा होतास ना, कुठे बघत होतीस. मालकांनी घसा खाकरून विचारलं, "बेटा, गुडघा कसा आहे?"

भिंगरी पाण्याची बाटली तोंडाला लावून म्हणाली, "कुठला?"

ऐकलंत? बाईंनी पाय चिरून घेतला, मी मेले, पुन्हा विणली गेले, चौदा महिने सगळ्यांची बोलणी खाल्ली, आणि ही विचारते, कुठला. रागावणार होते मी. खरंच रागावणार होते. पण आठवावा लागत नाही तोच गुडघा बरा झालेला. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा शिवलेला गुडघा असेल तर एवढं ऐका, बरं वाटतंय म्हणाला की त्याला वर्षभर तरी ओढू नका आणि गुंडाळूनही ठेवू नका. बाकीचंही सांगितलं असतं, पण बाटली खाली ठेवलीय तिने. निघाली.